बासच्या तारा मऊ हव्यात? मग जाडीआधी वजन पाहा

चार तारांच्या नेहमीच्या बास गिटारवर 45-65-85-105 चा राउंडवाउंड, म्हणजे गाभ्याभोवती गोल तारेचे वेढे दिलेला, संच चढवला की नेकवर (तारांखालच्या लांब दांड्यावर) एकूण सुमारे 83 किलोचा ताण येतो. हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले. हा ताण चारही तारांत सारखा वाटला जात नाही. जी तारेवर साधारण 19.5 किलो, डीवर 23, ए वर 22 आणि सर्वांत जाड ई वर जेमतेम 18. म्हणजे बोटाला सर्वांत कडक लागते ती डी, आणि जाडजूड दिसणारी ई खरं तर सर्वांत सैल.

कमी ताणाच्या तारा निवडताना बहुतेकांचं इथेच चुकतं. नागपुरात ऑर्केस्ट्रात तीन-चार तास बास वाजवून मनगट भरून आलं की माणूस सरळ 40-60-75-95 चा लाइट संच घेतो. त्यात डी 20 किलोवर राहते आणि ई 15 वर घसरते. ई आधीच सैल होती, ती आणखी सैल झाली, आणि जिच्यामुळे बोटं दुखत होती ती अजूनही चौघींत सर्वांत कडकच. त्यापेक्षा 40-55-75-100 हा मेळ कितीतरी चांगला. जी 15, डी 17, ए 17, ई 16.5, एकूण सुमारे 66 किलो. असा तयार संच मिळाला नाही तर सुट्या तारा मागवाव्यात. त्यासाठी थोडी वाट पाहावी लागली तरी चालेल.

हे आकडे येतात कुठून? नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा अडकतात तो खालचा भाग) ही लांबी दुप्पट करून स्वराच्या वारंवारतेने गुणायची, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला एक मीटर तारेच्या किलोतल्या वजनाने गुणायचं. 34 इंची बासची लांबी 0.864 मीटर, खुल्या ई ची वारंवारता 41.2 हर्ट्झ आणि 105 ची तार मीटरला सुमारे 35 ग्रॅम. उत्तर 177 न्यूटन, म्हणजे 18 किलो. लांबी आणि स्वर ठरलेले असल्यामुळे आपल्या हाती उरतं फक्त वजन, आणि ते जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतं. 105 ऐवजी 95 घेतली तर जाडी साडेनऊ टक्क्यांनी घटते, ताण मात्र 18 टक्क्यांनी. तारा न बदलता अर्धा स्वर खाली लावलं तर 11 टक्के सुटतात. 30 इंची शॉर्ट स्केल बासवर त्याच तारा तोच स्वर 22 टक्के कमी ताणात देतात.

म्हणून वेगवेगळ्या जातीच्या तारांची तुलना नुसत्या जाडीवरून करू नये. फ्लॅटवाउंडमध्ये वेढे चपट्या पट्टीचे असल्याने त्यांच्या मधे पोकळी राहत नाही, त्यामुळे त्याच जाडीत ती जास्त जड आणि बहुधा जास्त कडक. टेपवाउंडचं उलट आहे: वरचं वेष्टण हलक्या नायलॉनचं, म्हणून तार जाड दिसूनही ताण कमी. आतल्या गाभ्याचाही फरक पडतो. गोल गाभ्याची तार षटकोनी गाभ्याच्या तारेपेक्षा सहज वाकते, त्यामुळे ताण तेवढाच असूनही हाताला मऊ लागते. थोमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट्स, 43 ते 100, फ्लॅटवाउंड असूनही मऊ म्हणून नावाजलेल्या आहेत. गोल गाभ्याची तार कापण्याआधी खुंटीजवळ काटकोनात घट्ट वाकवा आणि मगच वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. नाहीतर वेढे गाभ्यावर फिरून सैल होतात आणि नवी कोरी तार मेल्यासारखी वाजते.

सैल तार त्याच जोरात छेडली तर जास्त लांब झुलते. 18 किलोवरून 15 वर आलं की झोल सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो आणि तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून खरखरते. जोरात छेडल्यास सुरुवातीचा स्वर क्षणभर चढाही लागतो. यावर पहिला उपाय हाताचा: जोर कमी करा, अँपचा आवाज वाढवा, बोटं ब्रिजकडे थोडी सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, वर घ्या. सतराव्या फ्रेटवर ई खाली 2.4 आणि जी खाली 2 मिमी ही सुरुवात चांगली.

पण सॅडलला हात लावण्याआधी नेक तपासायलाच हवा. ताण 83 वरून 66 वर आला की नेकचा पुढचा बाक कमी होतो. नव्या तारा स्वरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटाने दाबलेला, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. हा गेज गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. फट 0.3 मिमीच्या आसपास हवी. कमी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, बाक कमी-जास्त करणारा रॉड) घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. मग रात्रभर थांबून पुन्हा मोजा. रॉड पूर्ण सैल करूनही फट येत नसेल आणि तो एकाच दिशेने काम करणारा असेल, तर त्या नेकला एवढ्या हलक्या तारा सोसत नाहीत. एक पायरी जड संच घ्या. शेवटी बाराव्या फ्रेटचा दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वराशी) ट्यूनरवर जुळवा; दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क होते आणि लाकडातला ओलावा उडतो. अशा वेळी नेक बहुधा आणखी सरळ होतो, आणि हलक्या तारांनीही तेच केलेलं असतं. पहिल्या चार-पाच फ्रेटांवरच खरखर आली तर आधी संशय याचा घ्यावा. बास कूलरसमोर ठेवू नये. दमट झोत आणि दुपारची कोरडी हवा यांच्यात नेक रोज हलत राहतो आणि कुठलीच जुळवणी टिकत नाही. उन्हाळ्यात रॉड सैल केला असेल तर जुलैत फट पुन्हा मोजा. पावसाळी हवेत लाकूड फुगून ती 0.5 मिमीच्या पुढे गेली असेल, तर रॉड पाव फेरा परत आवळायचा.