'सॉफ्ट कोरल' या नावामागचा गुंता

'सॉफ्ट कोरल', म्हणजे मऊ प्रवाळ, हे नाव हाताच्या स्पर्शावरून पडलेलं आहे, प्राण्यांच्या नात्यागोत्यावरून नाही. घरगुती रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी, या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या कुळांतले जीव विकले जातात: लेदर (चामड्यासारखे) आणि झेनिया, मशरूम (अळंबीसारखे), आणि झोआ (झोअँथिड). पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एकेक फुलासारखा जीव, पूर्ण उमलल्यावर भिंग धरून पाहिलं की फरक लगेच दिसतो. लेदरच्या प्रत्येक पॉलिपला मोजून आठ शुंडकं (टेंटॅकल) असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना पिसासारखी झालर असते. झोआची शुंडकं साधी, झालर नसलेली, तबकडीच्या काठाने लागलेली. आठ शुंडकंवाले ते ऑक्टोकोरल, आणि खरे सॉफ्ट कोरल त्यांतलेच. मशरूम आणि झोआ हातात घ्यायला मऊ असले तरी कुळाने दगडी प्रवाळांच्या जवळचे.

मग हे सगळे एका टोपलीत आले कसे? १९६०च्या सुमारास इंडोनेशियातल्या एका छंदिष्टाने समुद्रातलाच जिवंत खडक (जीव वसलेला खडक, म्हणजे लाइव्ह रॉक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले. पुढच्या दोन दशकांत जर्मनीत लाइव्ह रॉक, प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि चुनखडीचं पाणी यांची पद्धत बसली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकातल्या लेखमालेने घरगुती रीफची लाट आणली. त्या काळच्या बहुतेक टँकमध्ये दगडी प्रवाळ फार टिकत नसत. टिकत ते लेदर, मशरूम आणि झोआ. त्यांना दगडासारखा सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे कॅल्शियमची फारशी ओढाताण नाही, आणि मध्यम उजेडही पुरतो. माझ्या मते 'सॉफ्ट' हा गट तिथेच जन्मला. ती देखभालीची वर्गवारी होती, पण लोक तिला ओळखीची वर्गवारी समजू लागले.

व्यापाराच्या नियमांनी ही रेघ आणखी जाड केली. १९९० पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आले, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागू लागला. लेदर आणि झेनिया बाहेर राहिले. पण निळा प्रवाळ आणि ऑर्गन पाइप हे दोघे आठ शुंडकांचे असूनही यादीत आहेत, कारण त्यांचा सांगाडा टणक. मशरूम आणि झोआ दगडी प्रवाळांचे भाऊबंद असूनही यादीत नाहीत. कागदावर सांगाडा मोजला गेला, नातं नाही. परवान्यांच्या दृष्टीने हे सोयीचं असेल, पण प्राणी ओळखायला शिकणाऱ्याची त्यातून दिशाभूलच झाली.

१९९०च्या दशकात मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे रुळले, कॅल्शियम सांभाळण्याची तंत्रं आली आणि सगळ्यांचं लक्ष दगडी प्रवाळांकडे वळलं. सॉफ्ट कोरलवर 'नवशिक्यांचे' असा शिक्का बसला. या शिक्क्याने फार नुकसान केलं. डेंड्रोनेफ्थिया नावाचा सॉफ्ट कोरलही त्याच शिक्क्याखाली विकला गेला. गुलाबी-केशरी, फुलकोबीसारखा देखणा, पण त्याच्या शरीरात प्रकाशावर अन्न करणारी शैवालं नसतात. दिवा कितीही चांगला असला तरी अखंड बारीक खाद्य मिळालं नाही तर तो उपाशी आक्रसत जातो.

सार्कोफायटन या छत्रीच्या आकाराच्या लेदरच्या बाबतीत गैरसमज उलटा. एका सकाळी त्याची छत्री मिटलेली दिसते, एकही पॉलिप बाहेर नाही, वर मेणासारखी चकचकीत साय. चार-सहा दिवस, कधी त्याहून जास्त, हेच चालतं. माणूस घाबरून पाणी बदलतो, जागा बदलतो, औषध घालतो. खरं तर तो कात टाकत असतो. पाण्याचा प्रवाह थोडा वाढवला की ती साय कडेने सुटून निघून जाते आणि खाली पॉलिप पुन्हा पिसारतात. त्याच्या अंगातली टर्पीन वर्गातली रसायनं १९७०च्या दशकातच वेगळी काढली गेली होती. ती पाण्यात उतरतात. शेजारचा दगडी प्रवाळ विनाकारण कोमेजत असेल तर अशी रसायनं शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन का वापरायचा, याचं उत्तर तिथे आहे.

२०००नंतर पाणी अतिशुद्ध ठेवण्याची टूम आली. नायट्रेट शून्यावर आणलेल्या टँकमध्ये लेदर आणि झेनिया बारीक होत गेले, कारण थोडं पोषण पाण्यात असलेलंच त्यांना मानवतं.

झोआला सॉफ्ट कोरल म्हणण्याची किंमत मात्र माणसांनी मोजली. पॅलिथोआ नावाच्या काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. हवाईतल्या नमुन्यांतून ते १९७१ मध्ये वेगळं केलं गेलं. तरीही नको झालेले झोआ खडकासकट उकळून, ती वाफ श्वासात गेल्याने घरातली माणसं आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. लेदर कापताना आणि पॅलिथोआ कापताना सारखीच बेफिकिरी चालत नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि असा खडक कधीही उकळू नये.

२०२२ मध्ये जनुकीय पुराव्यावरून ऑक्टोकोरलची वर्गवारी नव्याने मांडली गेली. पुस्तकांत वर्षानुवर्षं वापरलेला ॲल्सिओनेशिया हा गण (ऑर्डर) मोडीत निघाला आणि मॅलॅकॲल्सिओनेशिया व स्क्लेरॲल्सिओनेशिया हे दोन गण आले. निळा प्रवाळ दुसऱ्यात गेला. टँकमधल्या ग्रीन स्टार पॉलिप या हिरव्या ऑक्टोकोरलचं शास्त्रीय नाव तर त्याआधीच क्लाव्ह्युलेरिया, पॅकिक्लाव्ह्युलेरिया असं फिरत ब्रायेरियमवर आलं होतं. प्रजातीपर्यंत पोचायचं तर उतींचा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून उरलेले चुनखडीचे सूक्ष्म काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. फोटोवरून सिन्युलॅरिया या लेदरची प्रजाती सांगणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. घरी बसून प्रामाणिकपणे सांगता येतो तो फार तर प्रजातीच्या वरचा वंश (जीनस), म्हणजे सार्कोफायटन की सिन्युलॅरिया एवढंच.

झेनिया कुळाची गोष्ट तर आता टँकबाहेर गेली आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर त्यांतल्याच एका इंडो-पॅसिफिक प्रजातीने समुद्रतळाचे मोठे पट्टे व्यापले, आणि २०२३ मध्ये पोर्तो रिकोजवळ झेनिया सापडला. दोन्हीकडे संशय मत्स्यालयांच्या व्यापारावर आहे. झेनियाचा छाटलेला तुकडा एका रात्रीत खडकाला चिकटू शकतो. तो समुद्राच्या किंवा नाल्याच्या पाण्यात न टाकता पूर्ण वाळवून कचऱ्यात टाकावा.