मैफिलीसारखा आवाज म्हणजे नेमका कुठला?

स्पीकर घेताना हमखास मिळणारा सल्ला: प्रत्यक्ष मैफल आठवा आणि पारखा. ऐकायला पटतं, पण कसोटी म्हणून टिकत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मंडपात ऐकू येणारा तंबोराही माइक, मिक्सर आणि भल्यामोठ्या स्पीकरमधूनच येतो. म्हणजे तुलना स्पीकरची स्पीकरशीच! बिनमाइकच्या घरगुती बैठकीतही पहिल्या रांगेतला तबला वेगळा, दाराशी ऐकू येणारा वेगळा. रेकॉर्डिंगचा माइक तर बऱ्याचदा तबल्यापासून वीतभर अंतरावर असतो. तिथे कान लावून कोण बसतं? शिवाय आवाजातले बारकावे फार वेळ आठवणीत राहत नाहीत. त्यापेक्षा ओळखीचं एकच रेकॉर्डिंग दोन्ही स्पीकरवर लगोलग ऐका, आवाजाची पातळी मोजून सारखी ठेवून. किंचित मोठा वाजणारा स्पीकर उगाचच सरस वाटतो.