नगरसेवक (कोकणातील नगरपरिषदा)

नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या सभागृहात प्रभागातून थेट मतदानाने निवडून आलेल्या सदस्याला नगरसेवक म्हणतात. महाराष्ट्रात हे पद ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याखाली येते. उरण-अलिबागपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कोकण किनारपट्टीवर आणि लगतच्या खाड्यांकाठी वसलेल्या शहरांत या पदाला जे विशिष्ट रूप आले आहे, त्याचा विचार या नोंदीत केला आहे.

१९६५ च्या अधिनियमानुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्गात आणि त्याखालची ‘क’ वर्गात मोडते. रत्नागिरी व चिपळूण या ‘ब’ वर्ग नगरपरिषदा आहेत, तर राजापूर, मुरूड, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ला यांसारखी बहुतेक शहरे ‘क’ वर्गातली आहेत. दापोली, गुहागर, कुडाळ, कणकवली अशा ठिकाणी नगरपंचायती असून तेथे सतरा प्रभागांतून प्रत्येकी एक सदस्य निवडला जातो. नगरपरिषदांच्या २०१६ च्या निवडणुकीत मात्र प्रभाग साधारणपणे द्विसदस्यीय होते. एकाच प्रभागात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन जागा असल्या, की गटार तुंबल्याची तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची, असा प्रश्न मतदाराला पडतो. लहान शहरात जबाबदारी एका माणसाच्या नावावर असणे हिताचे असते, आणि द्विसदस्यीय पद्धतीत नेमके तेच हरवते.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आल्यावर या संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला आणि स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. नगराध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी की सदस्यांनी, याबाबत राज्याचे धोरण वारंवार बदलले आहे. थेट निवड २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत लागू झाली. त्यामुळे नगरसेवकाचे सभागृहातील वजनही प्रत्येक वेळी कमीजास्त झाले.

कोकणातील नगरशासन जुने आहे. १८५० च्या कायद्याच्या आधारे पनवेल येथे १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली (पनवेल २०१६ पासून महानगरपालिका आहे). व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्यविषयक १८८२ च्या ठरावानंतर लोकनियुक्त सदस्यांचे प्रमाण वाढत गेले, तरी मताधिकार बराच काळ करदात्या, मालमत्ताधारक वर्गापुरताच राहिला.

नगरपालिकेच्या ठरावात केवढे बळ असते आणि त्याच्यामागे कोणी उभे राहिले नाही तर तो किती दुबळा ठरतो, हे महाडइतके स्पष्ट अन्य कोठे दिसले नसेल. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे या पालिकेचे अध्यक्ष आणि अस्पृश्यांच्या हक्कांच्या चळवळीचे खंदे पाठीराखे होते. ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला. परंतु तळ्याची पायरी उतरून ओंजळभर पाणी घेण्याची मोकळीक त्याने कोणाला मिळाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी पालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. सनातन्यांनी न्यायालयात दावा लावला आणि तळ्यावर आपला पुरातन वहिवाटीचा एकाधिकार असल्याचे त्यांना सिद्ध करता न आल्याने मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. ज्या सभागृहाने दार उघडले, त्यानेच ते साडेतीन वर्षांत लोटून घेतले, ही गोष्ट कोकणातील प्रत्येक नगरसेवकाने नीट समजून घ्यावी अशी आहे.

निवडणुकीचा प्रचार येथे घराच्या ओट्यावर होतो. २०१६ प्रमाणे निवडणूक नोव्हेंबर-डिसेंबरात आली, तर भातकापणी उरकलेली असते आणि रस्ते वाळलेले असतात. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातल्यावाचून प्रचाराचा आरंभ बहुधा होत नाही. शहर म्हटले तरी वस्तीची घडण वाडी, आळी, मोहल्ला आणि बंदर अशीच असते. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी अनेक वाड्यांत इतकी अरुंद असते, की उमेदवार आणि कार्यकर्त्यांना एकामागोमाग एक चालावे लागते. दोन्ही बाजूंच्या गडग्यांपलीकडून (दगडी कुंपणांपलीकडून) लोक बोलतात आणि निसटलेली पायरी हाताने दाखवतात. प्रभागातील मतदार मोजके असल्याने निकाल पुष्कळदा थोड्या मतांनी लागतो. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या, पण नाव गावाकडच्या यादीत ठेवलेल्या चाकरमान्यांचे मत म्हणूनच मोलाचे ठरते. पक्षाचे चिन्ह महत्त्वाचे असते, तथापि घराण्याची ओळख, भावकी, आणि मयताला किंवा आजारपणात कोण धावून आले याची आठवण अनेकदा चिन्हावर मात करते.

निवडून आल्यावर नगरसेवकाचे काम सभेच्या विषयपत्रिकेपासून सुरू होते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, विषयांवर चर्चा, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांनिशी ठराव आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय, असा सभेचा क्रम सर्वसाधारणपणे असतो. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याच्या, म्हणजे नगरपरिषदेच्या प्रशासकीय प्रमुखाच्या, हाती असते, आणि अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतो. ठरावानंतर तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश असे टप्पे ओलांडावे लागतात. यालाच पाठपुरावा म्हणतात, आणि चांगला नगरसेवक भाषणावरून नव्हे तर पाठपुराव्यावरून ओळखावा. जकात गेल्यापासून घरपट्टी व पाणीपट्टी हीच या लहान नगरपरिषदांची मुख्य स्वतःची मिळकत उरली असून मोठ्या कामासाठी शासनाच्या अनुदानाकडे पाहावे लागते.

कामांत पाण्याचे स्थान पहिले आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचा तळ दिसतो, कारण सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि तीव्र उताराने ते समुद्राला मिळते. रत्नागिरीला शीळ धरणाचे, सावंतवाडीला पाळणेकोंड धरणाचे, मालवणला धामापूर तलावाचे पाणी मिळते. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड झाले, की पहिला फोन नगरसेवकाला जातो. टेकडीवरच्या वाडीला दाब पुरत नाही आणि सखल आळीत नळ धो धो वाहतो. कोणत्या भागाला किती वेळ पाणी सोडायचे, यावरून होणारे वाद लहान शहरांतील राजकारणाचा गाभा आहेत. त्या वाटपाची वेळ न्याय्य ठरवणे हे, कोणत्याही कोनशिलेवर कोरले जात नसले तरी, नगरसेवकाच्या हातून होणारे सर्वांत मोठे काम आहे.

कचऱ्याच्या बाबतीत वेंगुर्ला नगरपरिषदेने वेगळी वाट दाखवली. घरातूनच कचरा वेगळा करून घेण्याची शिस्त तेथे बसली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि प्लॅस्टिकपासून रस्त्यासाठीचे तुकडे तयार होऊ लागले, आणि जुन्या कचराभूमीच्या जागी लोक पाहायला येतील असे उद्यान उभे राहिले. याचे श्रेय प्रशासनाला मिळाले ते योग्यच होय. परंतु घरोघर लोकांना राजी करण्याचे काम सदस्यांच्या साथीशिवाय तडीस जात नाही.

पुराच्या प्रश्नात मात्र नगरसेवकाच्या अधिकाराची सीमा उघडी पडते. राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना व कोदवली नद्यांचे पाणी पावसाळ्यात शिरते, ते व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या महापुराने बाजारपेठ बुडवली. वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणीही येते, आणि नदीपात्र, धरणे, पूररेषा हे सारे राज्याच्या खात्यांच्या अखत्यारीत असते. निळ्या आणि लाल पूररेषेने (पुराचे पाणी कोठवर येऊ शकते ते नकाशावर दाखवणाऱ्या रेषांनी) शहराचा मोठा भाग बांधकाम निर्बंधांखाली आल्यावर त्याविरुद्ध आवाज उठला, तसेच नदीतील गाळ काढण्यासाठी नागरिकांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात साखळी उपोषण केले.

नेमक्या याच काळात निवडून आलेले सभागृह नाहीसे झाले. २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकल्याने निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. घरपट्टी आकारली जात होती, निविदाही निघत होत्या, पण पाखाडीवर उभे राहून जाब विचारता येईल असा माणूस प्रभागात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. चिपळूणमध्ये महापुरानंतर निवडून आलेले हे पहिलेच सभागृह होय.