पिस्तुलावरचे हिरवे ठिपके म्हणजे टॉर्च नव्हे

पुण्यात चमकेल त्याला रेडियम म्हणायची रीत. नाना पेठेत गाडीला चिकटवून देतात तेही ‘रेडियम’च (त्यात रेडियमचा कणही नसतो). पिस्तुलाच्या नाइट साइटलाही (अंधारात नेम धरायच्या चमकत्या ठिपक्यांना) परवानाधारक तेच म्हणतात, आणि समजतात की अंधारात समोरचा दिसेल. नाही दिसत. माशीत (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरच्या, नेम धरायच्या उंचवट्यात) बसवलेल्या इवल्या काचेच्या कुपीत ट्रिटियम वायू असतो. त्याच्या किरणोत्सारानं आतला लेप मंद उजळतो. त्यानं कळतो फक्त पिस्तुलाचा रोख. दारात चोर आहे की रात्रपाळीहून परतलेला मुलगा, हे टॉर्चच सांगणार. टॉर्च लावला की ठिपके फिके पडतात, माशी काळी दिसते. ट्रिटियम १२.३ वर्षांत निम्मं उरतं. त्यामुळे जुनी साइट मंदावली तर सेल शोधू नका, तो नसतोच.