दोन्ही ‘लिथियम’च, पण चार्जर एक चालत नाही

इलेक्ट्रिक लाँगबोर्डसाठी (मोटर लावलेला लांब स्केटबोर्ड) सेल घ्यायला जळगाव-धुळ्याच्या बॅटरीवाल्याकडे गेलं की दोन वेगळ्या वस्तू ‘लिथियम’ या एकाच नावाने समोर येतात. एक एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, दुसरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ई-रिक्षामुळे एलएफपी सहज मिळते, पण बोर्डाचे हिशेब बहुतेक एनएमसी धरून केलेले असतात.

ओळखायचं सेलवरच्या आकड्यावरून. ३.२ व्होल्ट छापलेलं असेल तर एलएफपी, ३.६ किंवा ३.७ असेल तर एनएमसी. वेष्टन बदललेलं वाटलं तर सेल ३.६५ व्होल्टच्या मर्यादेवर चार्ज करून रात्रभर ठेवा. सकाळी मल्टिमीटर ३.४ किंवा त्याखाली दाखवत असेल तर एलएफपी. एनएमसी ३.६ च्या वरच राहते.

महागात पडते ती चार्जरची अदलाबदल. दहा एनएमसी सेलची माळ ४२ व्होल्टला भरते, बारा एलएफपींची ४३.८ ला. दोन्हींवर स्टिकर ‘३६ व्होल्ट’चंच असतं, पिनही तीच. एलएफपीचा चार्जर एनएमसी पॅकला लावला तर सेलमागे ४.३८ व्होल्ट होतात, आणि मर्यादा ४.२ ची. बीएमएस, म्हणजे पॅकमधलं संरक्षण सर्किट, पुरवठा तोडतो खरा, पण त्याचा मॉस्फेट (वीज तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आधीच शॉर्ट झालेला असेल तर अडवणारं काही उरत नाही. उलट चुकीत फार बिघडत नाही, पॅक थोडा कमी भरतो एवढंच.

मोटरला वीज देणाऱ्या कंट्रोलरचं सेटिंगही असंच फसवतं. बारा एनएमसींसाठी कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरू लागली की मोटरची ताकद कमी करत नेणं, ४०.८ व्होल्टला सुरू होऊन ३७.२ ला संपतो. तेच आकडे बारा एलएफपींना दिले की भरलेल्या बॅटरीवरच बोर्ड मलूल चालतो, कारण हा पॅक बहुतेक वेळ ४० च्या खालीच असतो. लोक मोटर बदलायला निघतात. एलएफपीला कटऑफ सेलमागे ३.० ते २.७ व्होल्ट धरा. तिचा व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतो, म्हणून व्होल्टमीटरवरून किती किलोमीटर उरले ते कळत नाही. शंट (करंट मोजणारा छोटा रोधक) लावून वापरलेले अँपिअर-अवर मोजावे लागतात.

आता वजन आणि चालवण्यातल्या आरामाचं. २१७०० आकाराचे (२१ मिलिमीटर जाडीचे) ४.२ अँपिअर-अवरचे ४८ एनएमसी सेल, १२ एस ४ पी (चार-चार समांतर सेलचे बारा गट एकामागे एक), म्हणजे सुमारे ७२५ वॅट-अवर आणि नुसत्या सेलचं वजन साडेतीन किलोच्या आत. हवेच्या टायरवर किलोमीटरला १६ वॅट-अवर धरले आणि थोडी शिल्लक राखली, तर ३५ किलोमीटर निघतात. जवळपास तेवढीच ऊर्जा ३२७०० च्या एलएफपीत भरायला ३९ सेल लागतात, वजन साडेपाच किलोच्या पुढे. शिवाय सेलची जाडी २१ ऐवजी ३२ मिलिमीटर, म्हणजे खालची पेटी गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकाला घासणार. लवचिक डेकच, म्हणजे उभं राहायची फळीच, अर्धे धक्के खातो. त्याला एक लांब ताठ पेटी बांधली की तो गुण गेला. म्हणून एनएमसीचे दोन-तीन गट करून मधे सिलिकॉन वायर टाकावी. अखंड निकेल पट्टी डेक वाकताना वेल्डजवळ तुटते. स्क्रूच्या एलएफपी सेलमध्ये नट हादऱ्याने सैल होऊन सांधा तापतो, तिथे स्प्रिंग वॉशर हवाच.

एलएफपीचं पारडं जड होतं ते उन्हात आणि आयुष्यात. एनएमसी चार्ज-डिस्चार्जच्या साधारण ५०० फेऱ्यांत थकते, एलएफपी २००० च्या आसपास जाते आणि पेट घेण्याचा धोकाही बराच कमी. तरी खान्देशातल्या मे महिन्यात ४४ अंशांत दुपारी आलेला बोर्ड, कोणताही असो, लगेच चार्जिंगला लावू नये. सेल ४५ अंशांच्या खाली येऊ द्यावेत.

सवयीही उलट्या. एनएमसी रोज सेलमागे ४.१ व्होल्टला थांबवावी, भरलेला पॅक उन्हात ठेवू नये. एलएफपी मात्र आठवड्यातून एकदा काठोकाठ भरावी, कारण तिच्या सेलमधला फरक अगदी शेवटी दिसतो आणि बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणणं, तिथेच होतं.

रोजच्या लांब पल्ल्याच्या बोर्डाला आमची पसंती एनएमसीलाच. एलएफपी स्कूटरच्या सीटखाली शोभते. चार्जरच्या पिना मात्र आजच वेगवेगळ्या करा: एकाला एक्सटी-६० कनेक्टर, दुसऱ्याला जाड डीसी जॅक.