२.४ गिगाचा इन-इअर सेट आणि यूएचएफ सेट, दिसायला भाऊ पण स्वभाव वेगळे

इन-इअर म्हणजे स्टेजवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आवाज थेट कानात ऐकवणारा इअरफोनचा सेट. दुकानात जाऊन "वायरलेस इन-इअर दाखवा, बजेटमधला" म्हटलं की काउंटरवर हमखास दोन डबे येतात. एकात मुठीत मावतील असे दोन तुकडे, एक साऊंड मिक्सरच्या एक्सएलआर आऊटला (तीन पिनांच्या सॉकेटला) खोचायचा आणि दुसरा खिशात टाकायचा, संपलं. दुसऱ्यात अर्ध्या रॅकचा ट्रान्समीटर, त्याची अँटेना, अडॅप्टर आणि कमरेला लावायचा पॅक, ज्याला एक बारीक वायर लोंबत असते. काम दोघांचं तेच, मॉनिटरचा आवाज (कलाकाराला स्वतःला ऐकू यावा म्हणून दिलेला) वायरशिवाय कानात आणायचा, त्यामुळे लोक समजतात की हा स्वस्त आणि तो भारी, एवढाच फरक. किमतीत फरक आहेच, साधारण तिपटीच्या आसपास जातो, पण खरा फरक वेगळा आहे. पहिला २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा डिजिटल, दुसरा यूएचएफवर, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा, आणि या रेंजमध्ये तो बहुतेक वेळा ॲनालॉग एफएम असतो. चांगल्या दिवशी दोन्ही छान वाजतात हो, वाईट दिवशी कोण कसं वागतं हे बघून घ्यायचं असतं.

त्याआधी ब्लूटूथचा विषय एका दमात संपवतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच की माझे दीड हजाराचे इअरबड आहेत ते नाही का चालणार. नाही चालणार. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला दीडशे ते दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे चौपटीतला एक बोल १२५ चा, म्हणजे तुम्ही वाजवलेला बोल कानात येईपर्यंत पुढचा बोल वाजून गेलेला असतो. गाणी ऐकायला मस्त, वाजवायला निरुपयोगी.

आता २.४ वाला. एक्सव्हाइव्हचा यू४ घ्या उदाहरणाला, आपल्याकडे कॉलेजच्या बँडपासून वेडिंग सिंगरपर्यंत बरेच जण हाच किंवा याच्यासारखा दुसरा कुठला तरी वापरतात. कंपनी उशीर ५ मिलिसेकंदांच्या आत सांगते, रेंज साधारण २७ मीटर, चॅनल ६, चार्जिंग करून पाच तास, आणि आवाज खरंच स्वच्छ, पाठीमागे हिस (सूं असा आवाज) अजिबात नाही. अडचण फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची आहे. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा सगळ्यांना मोकळा, त्यामुळे तिथे वायफाय, ब्लूटूथ, लोकांचे हॉटस्पॉट, कॅन्टीनमधला मायक्रोवेव्ह सगळेच बसलेले असतात. संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या नाट्यगृहात साऊंड चेक होतो तेव्हा सेट लोण्यासारखा चालतो, आणि साडेनऊला तिसरी घंटा झाल्यावर हॉलमध्ये आठ-नऊशे माणसं, आठ-नऊशे मोबाईल, त्यात निम्म्यांची घड्याळं आणि इअरबड ब्लूटूथवर, की मग आवाज तुटायला लागतो. मशीन तेच, हवा बदलली. त्यात माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी आणि २.४ ला पाणी चालत नाही, त्यामुळे ट्रान्समीटर हॉलच्या मागच्या बाजूला मिक्सरवर खोचून ठेवला आणि मधे पब्लिक उभं राहिलं की ते २७ मीटर कागदावरच राहतात. ट्रान्समीटर स्टेजवर आणा, स्टेजबॉक्सपाशी (स्टेजवरच्या वायरी जोडतात त्या डब्यापाशी), तुमच्या कमरेपासून थेट दिसेल असा. निम्मे प्रॉब्लेम इथेच सुटतात.

अजून एक गोष्ट फार कमी जण बघतात. हल्ली छोट्या कार्यक्रमांना साऊंडवाले टॅबलेटवरून चालणारे डिजिटल मिक्सर आणतात, बेहरिंगरचा एक्सआर१८ वगैरे. त्याच्या पोटातला वायफाय २.४ वरच चालतो. म्हणजे ज्या मिक्सरमधून तुमच्या कानात आवाज येतोय तोच मिक्सर शेजारी बसून तुमच्या सेटला त्रास देतोय, आणि तुमचा सेट उलट त्याच्या टॅबलेटला, मग अँकर माईकवर आल्यावर फेडर हलेना म्हणून तो बिचारा घामाघूम. उपाय सोपा आहे, त्याला सांगायचं की दादा, बाहेरचा राउटर लाव आणि ५ गिगावर चालव. चांगला साऊंडवाला असेल तर आधीच लावून आलेला असतो.

आणि २.४ वाला तुटतो कसा, तर एकदम. डिजिटल आहे ना, डेटा आला तर पूर्ण आवाज, नाही आला तर शांतता. अंतऱ्याच्या मधे कानात अर्धा सेकंद काहीच नाही, आणि फोमच्या टिपांनी कान बंद असल्यामुळे बाहेरचंही धड ऐकू येत नाही, त्या अर्ध्या सेकंदात गायक सूर कुठे धरणार? यूएचएफवाला आधी कुरकुरतो. सिग्नल कमी झाला की पहिल्यांदा हिस वाढते, मग फर्रर्र, मग जातो. तेवढ्यात तुम्हाला कळतं की आपण जरा लांब आलो किंवा ट्रान्समीटरकडे पाठ केलीय, दोन पावलं मागे आलं की परत ठीक. स्टेजवर ही सूचना मिळणं माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे, डब्यावर कुठेच लिहिलेली नसते.

यूएचएफमध्ये शुअरचा पीएसएम३००, सेनहायझरचा एक्सएसडब्ल्यू आयईएम ही सुरुवातीची नावं. ५२० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण ५८ सेंटिमीटर, २.४ गिगाला साडेबारा, त्यामुळे यूएचएफ माणसांना वळसा घालून बऱ्यापैकी पोचतं. पीएसएम३०० ची रेंज कंपनी ९० मीटर सांगते, तेवढी आपल्याला लागतच नाही पण मार्जिन म्हणून बरी. ती लोंबणारी वायर म्हणजे पाव लहर, १४ सेंटिमीटरच्या आसपास. ती वाईट दिसते म्हणून गुंडाळून पदरात किंवा जॅकेटच्या आत कोंबणारे लोक आहेत, आणि नंतर सेटला शिव्या देणारेही तेच. मोकळी सोडा तिला.

पण यूएचएफ म्हणजे लावलं आणि झालं असं नाही. दोन ट्रान्समीटर जवळ ठेवले की त्यांच्या मिश्रणातून नको तिथे तिसरा आणि चौथा सिग्नल तयार होतो, ५२० आणि ५२१ लावले तर ५१९ आणि ५२२ वर. त्यामुळे सारख्या अंतराने फ्रिक्वेन्सी लावायच्या नाहीत, मशीनमध्ये ग्रुप दिलेले असतात त्यातलाच एक ग्रुप सगळ्यांनी वापरायचा आणि आधी स्कॅन मारायचा. वायरलेस माईकचे रिसीव्हर ट्रान्समीटरच्या डोक्यावर ठेवायचे नाहीत, हे तर लिहायलाच नको, तरी लिहितो कारण रोज दिसतं. शिवाय ॲनालॉगमध्ये आवाज दाबून परत फुलवतात, त्यामुळे शांत आलापात मागे हलकीशी हिस ऐकू येते. कव्हर बँडला काही फरक पडत नाही, फक्त तानपुऱ्यावर गाणाऱ्याला जाणवेल.

उशिराचं बघू. यूएचएफ ॲनालॉगला उशीर जवळपास शून्य. २.४ चे पाच आणि डिजिटल मिक्सरचा एखाद मिलिसेकंद, झाले सहा. आवाज एका मीटरला तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे दोन मीटरवर मॉनिटर स्पीकर ठेवल्यासारखं, कीबोर्ड-गिटारवाल्याला समजणारही नाही. गायकाचं वेगळं आहे, त्याचा स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ पोचतो आणि सहा मिलिसेकंदांनी तोच परत कानात येतो, दोन्ही मिसळून काही फ्रिक्वेन्सी कटतात आणि आवाज जरा पोकळ वाटतो. काहींना सवय होते, काही जण पहिल्याच रिहर्सलला काढून ठेवतात. घ्यायच्या आधी गाऊन बघा, नुसतं मोबाईलवरचं गाणं ऐकून नाही.

यू४ मोनो आहे हेही लक्षात घ्या, क्लिक (लय धरायची टिकटिक), हार्मोनियम, कोरस, तुमचा आवाज सगळं डोक्याच्या मधोमध एकावर एक. वर सांगितलेले दोन्ही यूएचएफ सेट स्टिरिओ चालतात, मग क्लिक डावीकडे सारली की कमी व्हॉल्यूमवर भागतं, आणि चार तासांच्या कार्यक्रमात कानांना ते कळतं. बॅटरीचंही यूएचएफकडेच माप जातं, दोन एए सेल टाकायचे, मध्यंतरात बदलायचे. २.४ ची आतली बॅटरी दोन वर्षांनी दमली की पाच तासांचे तीन होतात.

सेकंडहँड यूएचएफ घेताना फ्रिक्वेन्सी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ७०० मेगाहर्ट्झ २०२२ च्या लिलावात जिओने घेतला, त्यामुळे त्या पट्ट्यातले जुने सेट आता ५जी टॉवरशी भांडणार. अमेरिकेतून मामा-काका सुट्टीला येताना स्वस्तात आणतात तेही तपासा, तिथे १३ जुलै २०२० पासून ६०० च्या पट्ट्याच्या मोठ्या भागात वायरलेस माईक आणि इन-इअर चालवायला बंदी आहे, आणि बेकायदा झालेला माल स्वस्तातच निघतो. इथे २.४ ला लायसन्स लागत नाही, यूएचएफ मात्र दिल्लीच्या डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या सरकारी विभागाच्या अखत्यारीत येतं, दुकानदाराला मंजुरीचा कागद विचारायला लाजू नका.

मग घ्यायचं काय? हॉटेलात, कॅफेत, छोट्या हॉलमध्ये वाजवता, स्टेजवर दोन-तीनच सेट असणार, ट्रान्समीटर समोरच राहणार, तर २.४ घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या इअरफोनवर घाला, डब्यात येतात ते फेकून द्यायच्या लायकीचे असतात. मैदानावरचे कार्यक्रम, भरलेली नाट्यगृहं, गायक म्हणून सतत फिरणं, तर यूएचएफ, मग त्यासाठी सहा महिने थांबावं लागलं तरी थांबा. आणि ऑक्टोपॅड, ड्रम, कीबोर्डवाल्यांनो, तुम्ही पूर्ण कार्यक्रम एका जागी बसून असता, तुम्हाला वायरलेस हवंय कशाला? बेहरिंगरचा पी२ नाहीतर तसलाच कुठला छोटा वायरवाला ॲम्प घ्या, दोन एएए सेलवर चालतो, ना वायफायची भीती ना जिओची.