पाठ टेकल्यावर पुढे काय? सोलापुरातल्या एमएमएच्या वादामागची पार्श्वभूमी

अमेरिकेत शनिवारी रात्री रंगणाऱ्या यूएफसीच्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या अमेरिकन स्पर्धेच्या) लढती आपल्याकडे रविवारी सकाळी, चहा-नाश्त्याच्या वेळेला दिसतात. सोलापुरात त्या पाहणारी पोरं आता मोजकी राहिलेली नाहीत. लढतीपेक्षा जास्त वेळ ती लढतीच्या आधी भांडण्यात घालवतात. पुढच्या कार्डात, म्हणजे लढतींच्या यादीत, कोण कोणाला भारी, कोणाची किक पोटरी बधिर करते, कोणाचा दम तिसऱ्या राउंडला सुटतो. या सगळ्यात एक वाद हटकून निघतो. एकजण म्हणतो, "पट काढला की विषय संपला." पट काढणं म्हणजे पाय धरून पाडणं. दुसरा म्हणतो, "खाली पडून पण गळा आवळता येतो बे." हा वाद शंभरेक वर्षं जुना आहे. मिश्र मार्शल आर्ट्सचा, म्हणजे एमएमएचा, निम्मा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो: पाठ जमिनीला लागल्यावर पुढे काय?

पट काढणाऱ्याची बाजू सोलापुरात जरा जास्त जोरात मांडली जाते, आणि त्याला कारण आहे. शहरात थोरला मंगळवेढा तालीम, पत्रा तालीम, पाणीवेस तालीम ही नावं आजही घरोघरी माहीत आहेत. त्यांतली बरीचशी ओळख आता गणपती-शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या लेझमामुळे टिकून आहे, हेही खरं. कुस्तीचा खरा जोर जिल्ह्याच्या गावांत. महाराष्ट्र केसरीची गदा 2018 मध्ये जिंकणारा बाला रफिक शेख बुलढाण्याकडून लढला, पण तो मूळचा करमाळा तालुक्यातला. 2023 च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला शिवराज राक्षेला हरवून गदा नेणारा सिकंदर शेख मोहोळचा. जत्रेतल्या फडात लहान पोरांच्या नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि हलगीच्या कडकडाटात एक नंबरची कुस्ती शेवटी लागते. यूएफसीचं कार्ड अगदी तसंच रचलेलं असतं, त्यामुळे ते आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वेगळा आहे तो निकाल. फडात दोन्ही खांदे मातीला लागले, पैलवान चीतपट झाला, की कुस्ती संपली. वस्ताद पहिल्या दिवसापासून एकच शिकवतो, पाठ वाचव. खाली गेलास तर पालथा हो, पोट मातीला चिकटव, उचलू देऊ नकोस.

हे शिक्षण किती चिवट असतं ते 1910 साली लंडनने पाहिलं. गामा पैलवान तिथे गेला होता. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्याने सहज लोळवलं आणि मग 10 सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिश्कोशी त्याची कुस्ती लागली. झ्बिश्कोने ओळखलं की उभं राहून काही खरं नाही. तो खाली गेला आणि जमिनीला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला पलटवायचा प्रयत्न करत राहिला, पण निकाल लागला नाही. अठरा वर्षांनी, 1928 मध्ये, पतियाळाला दोघे पुन्हा भिडले आणि या वेळी गामाने मिनिटभराच्या आत त्याला आस्मान दाखवलं. पण इथे आपल्या कामाची आहे ती लंडनची कुस्ती. पालथं पडून राहणं ही त्या नियमांत सर्वांत सुरक्षित जागा होती. एमएमएच्या पिंजऱ्यात तीच सर्वांत धोक्याची. पालथ्या माणसाच्या पाठीवर चढायचं, पाय त्याच्या मांड्यांत अडकवायचे आणि हात गळ्याखाली सरकवायचा, याला रिअर नेकेड चोक म्हणतात. यूएफसीत शरणागतीने संपलेल्या लढतींत सर्वाधिक लढती याच डावाने संपल्या आहेत.

ही उलथापालथ झाली ती ब्राझीलमध्ये. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू देशोदेशी लढती करत 1914 मध्ये तिथे पोचला आणि पुढे बेलेम शहरात त्याने कार्लोस ग्रेसी या मुलाला शिकवलं. जुदोत फेकण्याला मान आहे, पण जमिनीवरची पकड, सांधा मुरडणं, गळा आवळणं हेही त्यात आहे. ग्रेसी घराण्याने हा जमिनीवरचा भागच उचलून धरला. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ. ताकदवान माणूस आपल्याला खाली पाडणारच, असं धरून त्याने पाठीवर पडूनच लढायचं तंत्र घडवलं. पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती टाकायचे, त्याला जवळ धरून ठेवायचं आणि चुकीची वाट पाहायची. त्यालाच आज गार्ड म्हणतात.

हेलिओ अजिंक्य नव्हता. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानच्या मासाहिको किमुराने त्याचा हात पिरगाळून मोडला, तरी हेलिओने हार कबूल केली नाही. शेवटी कोपऱ्यातून टॉवेल आला. त्या पकडीला आजही किमुरा म्हणतात. या पकडीचा एक धागा गामाच्या घरापर्यंत येतो. 1976 च्या डिसेंबरात कराचीत जपानच्या अँटोनियो इनोकीने गामाचा पुतण्या अक्रम पैलवानाला याच जातीच्या पकडीत धरलं. अक्रमही टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला, तयार नव्हता. हात निकामी झाला तेव्हाच लढत थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये इनोकी टोकियोत महंमद अलीशी लढला होता, आणि पंधरा राउंडमधला बराच वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला होता. तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आज पोटरीवरच्या किकला तेच प्रेक्षक टाळ्या देतात. 2021 च्या जानेवारीत डस्टिन पॉरिएने कॉनर मॅकग्रेगरचा पाय असाच खिळखिळा केला आणि मग त्याला झोपवलं.

12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली. आठ जण, आठ तऱ्हा, वजनगट नाहीत, नियम नावापुरते. बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. हेलिओचा मुलगा रॉयस ग्रेसी, साधारण 80 किलोचा, एकाच रात्रीत तीन लढती जिंकून गेला. पण कुस्तीवाल्यांनी पाहावी ती त्यानंतरची, डिसेंबर 1994 ची, चौथ्या यूएफसीची अंतिम लढत. समोर डॅन सेव्हर्न, खरा कुस्तीगीर, रॉयसपेक्षा कितीतरी जड. त्याने रॉयसला पाडलं आणि जवळजवळ पंधरा मिनिटं तो वर बसला होता. फडाच्या हिशेबाने कुस्ती केव्हाच संपली होती. मग खाली पडलेल्या रॉयसने पायांची कैची त्याच्या मानेभोवती आवळली आणि सेव्हर्नने टॅप केलं. ही लढत तालमीतल्या जुन्या माणसाला दाखवली तर पहिली प्रतिक्रिया "हे बेकायदा आहे" अशी येते, आणि मला ती प्रामाणिक वाटते.

कुस्तीगीरही गप्प बसले नाहीत. 1996 मध्ये मार्क कोलमन आला. वर बसायचं, गार्डमध्ये अडकायचं नाही आणि बसल्या जागेवरून ठोसे हाणायचे, ही त्याची रीत. 1997 च्या फेब्रुवारीत तो यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. पाचच महिन्यांत किकबॉक्सर मॉरिस स्मिथने त्याचा दम संपेपर्यंत टिकून राहून त्याला हरवलं. तेव्हापासून कोणत्याही एका शैलीने फार काळ राज्य केलेलं नाही. आपल्या पोरांचे अर्धे अंदाज चुकतात ते यामुळेच.

मधल्या काळात हा खेळ बंद पडायच्या बेतात होता. अमेरिकन सिनेटर जॉन मकेन यांनी त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि अनेक राज्यांनी दारं लावली. न्यू जर्सीत 2000 साली नियमांची एक चौकट तयार झाली, 2001 मध्ये यूएफसी ही कंपनी 20 लाख डॉलरला विकली गेली आणि तीच 2016 मध्ये जवळपास चार अब्जांना. बाकी तपशील धंद्याचा आहे, तो सोडून देऊ.

सोलापुरात हे सगळं कुस्तीच्या वाटेने आलेलं नाही. आलं ते टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वाटेने. शाळेच्या दप्तरात पैलवानांचे पत्ते बाळगणाऱ्या पिढीचा ब्रॉक लेस्नर 2008 मध्ये रँडी कुट्यूरला हरवून यूएफसीचा विजेता झाला, तेव्हा खोट्या कुस्तीतला माणूस खऱ्या मारामारीत टिकतो का, हे बघायला अनेकांनी पहिल्यांदा यूएफसी लावली. लेस्नर कॉलेजच्या काळात अमेरिकेचा कुस्ती विजेता होता हे नंतर कळलं. मग 6 ऑक्टोबर 2018 ला खबीब नूरमागोमेदोव आणि मॅकग्रेगर भिडले आणि मोबाइल डेटा स्वस्त झालेला असल्याने ती लढत गल्लीगल्लीत पोचली.

खबीब सोलापूरला इतका का रुचला, याचं उत्तर तालमीत आहे. दागेस्तानच्या डोंगराळ गावातला पोरगा, वडील अब्दुलमनाप हेच वस्ताद, घरातच तालीम. वडील 2020 च्या जुलैत गेले, ऑक्टोबरमध्ये जस्टिन गेथजीला हरवून खबीबने मैदानातच निवृत्ती सांगितली. 29 लढती, 29 विजय. त्याचा डाव पाहिला तर पट काढणं हा फक्त प्रवेश. पुढे तो प्रतिस्पर्ध्याला जाळीशी दाबतो, स्वतःच्या पायांत त्याचे पाय अडकवतो, मनगट धरून ठेवतो आणि रिकाम्या हाताने मारतो. खालचा माणूस उठायला वळला की पाठ उघडी पडते. झ्बिश्कोला जी सवय वाचवून गेली, तीच इथे गळ्याशी येते.

वादाचं दुसरं मूळ गुणांत आहे. राउंड 10-9 असा मोजला जातो, म्हणजे जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला 9, आणि आधी बघतात ते परिणामकारक मार आणि परिणामकारक पकड. पाडून नुसतं धरून ठेवलं, इजा नाही, चोकचा धोका नाही, तर त्याला फारसं मोल नाही. पिंजऱ्यावरचा ताबा हा मुद्दा बाकी सगळं समसमान असेल तरच येतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये शिकागोत खमझात चिमाएवने ड्रिकस दु प्लेसीला 25 पैकी 21 हून जास्त मिनिटं दाबून ठेवलं. तिन्ही पंचांनी त्याला 50-44 ने जिंकवलं. त्यावर कट्ट्यावर दोन तट पडले. एकाला ती कुस्तीची मैफल वाटली, दुसऱ्याला झोप आली. माझं मत पहिल्या बाजूला आहे. उठू पाहणाऱ्या तगड्या माणसाला वीस मिनिटं उठू न देणं किती कठीण असतं, हे मातीत एकदा उतरल्याशिवाय कळत नाही.

मग आपल्या तालमीतली पोरं तिथे का दिसत नाहीत? भारतात 2012 मध्ये सुपर फाइट लीग सुरू झाली, 2017 मध्ये भरत खंदारे यूएफसीत उतरला, 2023 मध्ये अंशुल जुबलीने करार मिळवला, जून 2024 मध्ये पूजा तोमर तिथे लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. पूजा वुशू या चिनी मार्शल आर्टमधून आलेली आहे. कुस्तीतून रितू फोगट गेली, ती वन चॅम्पियनशिप या दुसऱ्या एमएमए स्पर्धेत. आपल्या पैलवानापुढे पोलीस-रेल्वेतली नोकरी, फडाचं इनाम आणि गदेचा मान हा ओळखीचा रस्ता आहे. तो सोडून तोंडावर ठोसे खायला कोण तयार होईल? शिवाय तंत्राची अडचण आहेच. डोकं बाहेर ठेवून पटात शिरलं की मान गिलोटिनसाठी, म्हणजे समोरून गळा आवळण्याच्या डावासाठी, आयती मिळते, वाकून खडाखडी केली की गुडघा येतो. हे दोन्ही बदलता येतं. पाठ वाचवायला पालथं व्हायची खोड मात्र हाडात मुरलेली असते. म्हणून हल्ली कार्डात एखादा नवा कुस्तीगीर दिसला की जाणती पोरं त्याचे टेकडाउन, म्हणजे त्याने किती वेळा समोरच्याला पाडलं ते, मोजत बसत नाहीत. त्याच्या जुन्या लढतींत तो स्वतः खाली पडला होता ती मिनिटं शोधतात.